खिळ्यावरची किल्ली

हे मी रागातच लिहिते आहे. राग उतरला की शांतपणे लिहू असं आधी ठरवलं होतं, पण तो उतरायचं नाव घेत नाही, तेव्हा आहे तसंच सांगते.

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी ती सदा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत असायची. कधी खुर्ची, कधी पाण्याची बादली, कधी बापाची कामावरची बॅग. आता ती वीस वर्षांची आहे आणि पडद्यांचे रॉड ओढते.

माझं पडद्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि कापडाचे तागे, मागच्या खोलीत शिलाईची मशिनं. कापड विकणं आणि शिवणं माझ्याकडे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं आणि पडदे बसवणं मुंगीकडे. शाळा संपल्यावर ती सुट्टीपुरती म्हणून आली आणि राहिली. शिडीवर उभी राहून, तोंडात स्क्रू धरून ड्रिल चालवणारी ही एवढीशी पोर बघून गिऱ्हाईक आधी घाबरतं आणि मग बाजूच्या खोलीचे पडदेही तिलाच सांगतं. तिचं माप चुकतच नाही असं मी म्हणणार नाही. एका वकीलबाईंच्या बैठकीच्या खोलीतले पडदे एकदा वीतभर आखूड झाले होते. आम्ही खाली झालर लावली आणि सध्या हीच फॅशन आहे असं त्यांच्या गळी उतरवलं.

गाडीची गरज नदीपलीकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा पडली. नव्या घरांना पडदे लागतात, आणि बसचा कंडक्टर माणसापेक्षा उंच रॉड घेऊन चढू देत नाही. मुंगीने गाडी चालवायचा परवाना काढला, पैसे साठवले आणि एक जुनी, बारकी, फिकट हिरवी गाडी घेतली. उजव्या दाराला पोचा होता, पण इंजीन चांगलं होतं. पुढची डावी सीट आडवी केली की रॉड मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत नेमके मावायचे. गाडी दारात आली त्या दिवशी ती तिच्याभोवती फिरत नुसती हात लावत होती. आणि तिथेच घोडं अडलं, कारण विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

आम्ही दोघी विमा काढायला निघालो. मला वाटलं होतं तासाभराचं काम आहे. पहिल्या कचेरीतल्या माणसाने मुंगीचं वय विचारलं, कॉम्प्युटरवर टकटक केली आणि आकडा सांगितला. मला वाटलं तो गाडीची किंमत सांगतोय. म्हटलं, अहो, गाडी घेऊन झाली, विम्याचं सांगा. तो म्हणाला, विम्याचंच सांगतोय. वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता.

दुसरीकडे तेच, तिसरीकडे त्याहून वाईट. फोनवर विचारलं तर आधी गाणं ऐकवायचे आणि मग तोच आकडा गोड आवाजात सांगायचे. प्रत्येक ठिकाणी मी विचारलं, हिने केलंय काय? एकानेही ती गाडी कशी चालवते हे विचारलं नाही. या वयाची मुलं गाड्या ठोकतात, असं त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं आहे. कुठल्या तरी टोणग्यांनी कुठे तरी गाड्या ठोकल्या आणि त्याची भरपाई शिडीवर उभी राहून घाम गाळणाऱ्या माझ्या पोरीने करायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका कचेरीत मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मुंगीने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

मुंगीच्या घरी माझा भाऊ, म्हणजे दादा, ऐटीत बसला होता. दादा जन्मभर रंगाच्या कंपनीचा फिरता विक्रेता होता, सगळं आयुष्य गाडीत गेलं. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःची गाडी विकली, पण तिचा टेंभा काही विकला नाही. इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही, विमा कंपनी दरवर्षी त्याला सवलत द्यायची आणि वर अभिनंदन कळवायची. हे त्याने आम्हाला जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा तो स्वतःच्या लग्नाबद्दलही बोललेला नाही.

आता क्लेम नाही म्हणजे अपघात नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. घरातल्यांना गल्लीच्या टोकाचा, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर माहीत होता. दादाची गाडी कुठे घासली, कुठे खांबाला लागली, कुणाचा दिवा फुटला, की तो गुपचूप डेंटरकडे जायचा, समोरच्याचंही खिशातून भागवायचा आणि कंपनीला ताकास तूर लागू द्यायचा नाही. क्लेम केला की सवलत जाते. डेंटरने वरचा मजला बांधला तेव्हा वहिनी म्हणाली, त्यातली एक खोली आपली आहे. सगळे हसलो, दादासुद्धा हसला. पण ‘दादा गाडी वाईट चालवतो’ हे वाक्य त्या घरात कुणाच्या तोंडातून कधी आलं नाही. कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तर दादा म्हणाला, विमा माझ्या नावावर काढा, चालवणारा मी आहे असं सांगा, हप्ता चुटकीसरशी खाली येतो. एका एजंटनेही डोळे मिचकावून हेच सुचवलं होतं. मुंगीने मान हलवली. रोज चालवणार मी आणि नाव तुमचं, हे खोटं आहे, ती म्हणाली, आणि उद्या काही झालं तर हेच लोक हात झटकतील. दादाला राग आला. त्याच्या नावाला नाही म्हणणारं त्या घरात आजवर कुणी नव्हतं.

शेवटी एक तरुण एजंट भेटला. केसांना जेल, बोलणं तुपात घोळलेलं. त्याने डब्याची योजना सांगितली. गाडीत पुढे, स्टीअरिंगखाली, एक काळा डबा बसवायचा. गाडी कशी चालते, वळणं कशी घेतली जातात, ब्रेक कसे दाबले जातात, हे सगळं तो डबा कंपनीला कळवतो. दर आठवड्याला फोनवर गुण येतात. गुण चांगले तर हप्ता परवडेल असा, गुण वाईट तर विमा बंद. आणि एकदा विमा बंद झाला की दुसरी कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. चोरावर ठेवावी तशी पाळत. मुंगी मात्र खूश झाली. निदान मी कशी चालवते ते कुणीतरी बघेल, ती म्हणाली. गाडी फक्त मीच चालवीन, ही अट तिने मान्य केली आणि सही केली.

ती कशी चालवते ते सांगते. कानाशेजारून रॉड गेलेले असतात. जोरात ब्रेक दाबला तर रॉड पुढची काच फोडतील, झटक्यात वळली तर क्लिपांचे डबे आणि स्क्रू गाडीभर होतील. त्यामुळे ती गाडी अशी नेते की मागच्या सीटवर ठेवलेल्या इस्त्रीच्या पडद्यांची घडी मोडत नाही. मी तिच्या शेजारी, म्हणजे शेजारी रॉड असल्यामुळे मागे कापडाच्या ढिगात, कितीदा बसले आहे. मला तिथे डुलकी लागते.

सुरुवातीला गुण बरे आले. मग घसरायला लागले. कुठे चुकलं, कधी चुकलं, काही नाही, नुसता लाल रंगात आकडा. मग ताकीद आली, आणि पुढच्या महिन्यात दुसरी, की असंच राहिलं तर महिनाअखेर विमा बंद.

मुंगीने फोन केला. माझी चूक कुठे होते तेवढं सांगा, मी सुधारते, असं ती परत परत म्हणत होती. पलीकडच्या बाईने तपशील देता येत नाहीत आणि यंत्र चुकत नाही, एवढंच ऐकवलं. मी फोन घेतला तर म्हणाल्या, तुम्ही कोण? म्हटलं, मी आत्या. त्या म्हणाल्या, आत्यांशी बोलता येत नाही.

विमा गेला असता तर गाडी गेली असती, आणि गाडी गेली की नदीपलीकडचं सगळं काम. ते होतंच. पण त्याहून वाईट जे झालं ते मी डोळ्यांनी बघत होते. पोरीला खरंच वाटायला लागलं की आपल्याला गाडी चालवता येत नाही. निघण्याआधी ती स्टीअरिंग धरून बसून राहायची. रस्त्यावर इतकी हळू जायची की मागचे भोंगे वाजवून शिव्या द्यायचे. एका गिऱ्हाइकाकडे ड्रिल धरलेला तिचा हात थरथर कापताना मी पाहिला. भोक तिरकं गेलं. तिने ते बुजवलं, परत केलं, तेही तिरकं गेलं. मग खाली उतरून शिडीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, आत्या, मला काहीच धड येत नाही का?

आणि तिने मदत कुणाकडे मागितली? बापाकडे. दादाने तिला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं आणि व्याख्यान दिलं. ब्रेक हळू दाबावा. वळणाआधी वेग कमी करावा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं. रस्ता वाचायला शिकावं लागतं, ते अनुभवाने येतं. ती मान खाली घालून ऐकत होती. वहिनी भांडी आवरत होती. मी तिथेच होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ते आता आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्यानंतरच्या रविवारी मी दादाकडे गेले होते. दुपारी निघताना तो म्हणाला, चल, सोडतो तुला. दाराशेजारच्या भिंतीवर एक मोठा खिळा आहे. आमच्या वडिलांच्या काळापासून घरातल्या गाडीची, मोपेडची, सायकलची, जी काय असेल तिची किल्ली त्या खिळ्यावर असते. ज्याला जायचं त्याने घ्यायची आणि आल्यावर परत लावायची. विचारायची पद्धत नाही. घरातली वस्तू घरातल्यांची. दादाने खिळ्याकडे न बघताच किल्ली उचलली. मुंगी आत झोपली होती, रविवारी ती उशिरापर्यंत झोपते.

गाडीत रॉड नव्हते, म्हणून मी प्रथमच पुढे बसले. फाटकातून बाहेर पडताना चाक कडेच्या दगडावर चढून धपकन खाली आलं. टुक, असा बारीक आवाज झाला. मी दुर्लक्ष केलं. कोपऱ्यावर दादाने गाडी तशीच वळवली, मी दारावर आपटले. टुक. मग पुढे एक सायकलवाला आला, दादाने त्याच्या आईचा उद्धार केला आणि ब्रेकवर उभा राहिला. टुक.

मी विचारलं, हा आवाज कसला?

तो म्हणाला, जुनी गाडी आहे, काहीतरी सैल झालंय, डेंटरलाही दाखवलं, त्याला सापडत नाही. मग स्टीअरिंगखाली बोट दाखवून म्हणाला, इथून कुठून तरी येतो. एकदा कापडाची चिंधी कोंबून बघितली, तरी थांबत नाही.

मी वाकून बघितलं. टुक त्या काळ्या डब्यातूनच येत होतं, आणि त्याच्या फटीत माझ्याच दुकानातल्या अस्तराची चिंधी होती. त्या गाडीत मी एवढ्या वेळा बसले होते, पण हा आवाज मी आजवर एकदाही ऐकला नव्हता. मुंगीनेही ऐकला नसणार, नाहीतर ती बोलली असती.

‘‘दादा, गाडी बाजूला घे,’’ मी म्हटलं.

त्याने घेतली, आणि ब्रेक दाबताना परत टुक झालं.

‘‘हा आवाज गाडीचा नाही,’’ मी म्हटलं. ‘‘हा तुझा आहे.’’

त्याला पटायला वेळ लागला. तो चिडला, मला यंत्रातलं काय कळतं म्हणाला, मग सिद्ध करून दाखवतो म्हणून गाडी परत काढली आणि अगदी जपून, ओठ आवळून निघाला. पहिल्याच वळणावर टुक झालं. पुढे गतिरोधकावर झालं. मी विचारलं, किती दिवस नेतोयस? दर रविवारी, तो म्हणाला. पेपर आणायला, पत्त्यांच्या अड्ड्यावर, कधी जुन्या मित्रांकडे. कधी कधी सकाळी, मुंगी उठायच्या आधीही.

आणि हे मुंगीला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘फक्त मीच चालवीन’ अशी सही करणाऱ्या माझ्या प्रामाणिक भाचीच्या मनात एकदाही आलं नाही की बाबांनी पेपर आणायला गाडी नेणं म्हणजे गाडी चालवणं. त्या घरात चालवणं म्हणजे कामाला नेणं. बाकीचं नुसतं खिळ्यावरून किल्ली घेणं असतं.

मी दादाला म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू? तसाच माझ्यासोबत तो परत आला. मुंगी उठून चहा घेत होती. आधी त्याने हवापाण्याचं काढलं. मग, रविवारी मी जरा गाडी नेतो ना, असं सुरू केलं. मग एकदाचं बोलला की ते गुण माझे आहेत.

मला वाटलं होतं ती कप आपटेल. मी असते तर आपटला असता. तिने तो हळूच खाली ठेवला.

‘‘माझे हात कापत होते, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तुम्ही मला ब्रेक कसा दाबायचा ते शिकवत होता.’’

वहिनी उठून आत गेली. दादा खाली बघत बसला. मला त्याची दया आली नाही आणि आजही येत नाही.

सोमवारी आम्ही तिघं त्या जेलवाल्या एजंटकडे गेलो. मुंगी म्हणाली, खरं ते सांगायचं, विमा गेला तर गेला. रात्रभरात तिचे डोळे सुजले होते. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोरच्या खुर्चीवर बसून, माझ्याकडे न बघता, त्याने सगळं सांगितलं. गाडी मी नेत होतो, वाईट चालवली ती मी, मुलीला काही करू नका. त्याच्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

एजंटने त्याचं नाव घालून कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘‘अहो काका, एवढी वर्षं एकही क्लेम नाही? मग आधीच का नाही सांगितलं? तुमचं नाव दुसरा चालक म्हणून टाकू. अनुभवी माणूस गाडीवर आहे म्हटल्यावर ताकीद रद्द होईल, आणि हप्ताही खाली येईल.’’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं. ज्याने गुण घालवले त्याचं नाव लिहिलं की हप्ता कमी, जिने गाडी फुलासारखी नेली तिचं एकटीचं नाव असलं की हप्ता जास्त. मी म्हटलं, अहो, हा माणूस आत्ता तुमच्यासमोर कबुली देतोय. तो हसला. ताई, रेकॉर्ड स्वच्छ आहे ना, म्हणाला.

‘‘ते रेकॉर्ड आमच्या डेंटरला विचारा,’’ दादा म्हणाला.

एवढं मात्र त्याने चांगलं केलं, हे मला कबूल करायला हवं. खांब, दिवे, दारं, सगळं त्याने एकेक करून सांगितलं. आम्हालाही माहीत नसलेली एक भिंत त्यात निघाली. एजंटने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, काका, यासाठी इथे काही भरायला जागाच नाही.

मी मुंगीकडे बघितलं. मला वाटत होतं तिने तो कागद त्याच्या तोंडावर फेकावा. पण दुकानात नदीपलीकडच्या आठवडाभराच्या ऑर्डरी पडल्या होत्या, आणि ते मला जितकं माहीत होतं तितकंच तिलाही. शिवाय या वेळी लिहिलेलं खोटं नव्हतं. दुसरा चालक होताच. तिने इतकी दाबून सही केली की पेनाने कागद फाटला. एजंट म्हणाला, अभिनंदन.

बाहेर आल्यावर दादाचा हात सवयीने किल्लीसाठी पुढे झाला. ती त्याला वळसा घालून चालकाच्या दारापाशी गेली. रॉड भरलेले होते, म्हणून आम्ही दोघं भावंडं मागे कापडात कोंबून बसलो. घरापर्यंत एकदाही टुक झालं नाही. दादा सगळा वेळ कान देऊन बसला होता.

घरी पोचल्यावर तिने हत्यारांची पेटी उघडली, पकड काढली आणि भिंतीवरचा तो खिळा उपटला. जुना, लांब खिळा होता, सोबत बराच गिलावाही आला. तिने पुट्टी कालवली, भोक भरलं, पत्र्याने सपाट केलं आणि वरून पॉलिश पेपर फिरवला. हात जरासुद्धा थरथरला नाही तिचा. मग किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि नदीपलीकडे पडदे बसवायला निघून गेली.

तिचे गुण आता उत्तम येतात. कंपनीने मध्यंतरी अभिनंदन कळवलं. ते दादाच्या नावावर आलं, कारण नोंदीत अनुभवी तो आहे. मुंगीने ते वाचलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवून दिलं. त्याने जेवण होईपर्यंत त्याला हात लावला नाही.

परवाच्या रविवारी मी तिथेच होते. दादा पायात चपला घालून दारापर्यंत गेला, भिंतीकडे हात नेला आणि तसाच थांबला. मग मागे वळला. मुंगी सोफ्यावर बसून पडद्याच्या कड्या मोजत होती.

‘‘गाडी नेऊ का?’’ त्याने विचारलं. त्या घरात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

‘‘आज नाही,’’ ती मान वर न करता म्हणाली. ‘‘पुढच्या रविवारी मी शेजारी बसेन, तेव्हा चालवा. टुक झालं की उतरायचं.’’

तो पेपर आणायला पायी गेला.